थकव्याची बदनामी

व्यायामानें थकवा येतो ही गोष्ट आमच्या आजोबा-पणजोबांस ठाऊक होती. थकवा येणें ही लाजेची गोष्ट आहे, हा शोध मात्र अगदीं अलीकडचा. तो कोणा वैद्यानें लाविलेला नाहीं, कोणा वस्तादानें लाविलेला नाहीं; वर्षाची वर्गणी आगाऊ घेऊन बसलेल्या दुकानदारीनें तो लाविला आहे. ज्या व्यायामशाळांस हल्लीं जिम म्हणतात त्यांच्या भिंतींवर, आणि त्याहून अधिक प्रत्येकाच्या हातांतील मोबाईलवर, या नव्या पंथाचीं सूत्रें रोज वाचावयास मिळतात. थकवा हा मनाचा खेळ. दुखतें म्हणजे अंगांतला दुबळेपणा बाहेर पडतो. जो थांबला तो हरला. सूत्रें परदेशी आहेत याचें आम्हांस कांहींच वाटत नाहीं, कारण चांगली वस्तु कोठूनहि यावी. तीं खोटीं आहेत याचें वाटतें. आणि खोटेपणाहून वाईट गोष्ट अशी कीं, तीं ऐकून कितीतरी शहाणीं माणसें स्वतःच्या शरीराची साक्ष अमान्य करूं लागलीं आहेत.

आम्ही हें पुण्यांतील विश्रांतवाडीकडे पाहून लिहीत आहों. आळंदीच्या वाटेवरील ही वाडी. तिच्या नांवाची व्युत्पत्ति पंडितांनीं करावी, आम्हांस नांवच पुरें आहे. धानोरी, कळस, टिंगरेनगर यांच्या शेजारांत हा भाग आज इतका गजबजला आहे कीं, विश्रांति तेथें दुकानांच्या पाट्यांवरील पत्त्यांतच काय ती उरली आहे. येथला मध्यमवर्गीय गृहस्थ येरवडा, विमाननगर किंवा खराडी येथील कचेरींत दहा-बारा वर्षें खुर्चीवर बसून काढतो. मग चाळिशीच्या उंबरठ्यावर रक्ततपासणीच्या कागदावर एखादा आंकडा ठळक अक्षरांत छापून येतो, आणि त्या धास्तीनें तो व्यायाम सुरू करतो. पहिल्या दिवशीं उत्साह; दुसऱ्या दिवशीं जिना उतरतांना भिंतीचा आधार; तिसऱ्या दिवशीं कचेरींत बसल्या जागीं डुलकी; आणि आठवडा भरतां भरतां अशी एक ग्लानि कीं, व्यायामानें ताजेतवानें वाटतें असें ज्यांनीं सांगितलें ते सारे खोटें बोलले काय, असा प्रश्न पडावा. हा प्रश्न तो बिचारा आपल्या प्रशिक्षकास विचारतो. उत्तरें ठरलेलीं दोन : एक तर त्याची इच्छाशक्ति कमी पडते, नाहीं तर त्यानें अमुक पावडरीचा डबा घेतलेला नाहीं. तिसरें उत्तर, जें खरें आहे व ज्यास पैसे पडत नाहींत, तें त्यास कोणी देत नाहीं.

तें उत्तर असें. शरीरास संवय नसलेलें काम पडलें म्हणजे स्नायूंच्या सूक्ष्म तंतूंना बारीक बारीक इजा होते. अंगांत साठलेल्या दुग्धाम्लामुळें, म्हणजे लॅक्टिक ॲसिडमुळें, दुसऱ्या दिवशीं अंग दुखतें अशी समजूत अजून व्यायामशाळांत सर्रास सांगितली जाते. पण तें आम्ल व्यायाम संपल्यावर तासाभरांत पूर्वीच्या प्रमाणावर येतें, आणि दुखणें तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं भर धरतें. थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें १९०२ सालींच या उशिरा येणाऱ्या दुखण्याचा संबंध स्नायूंच्या आंतील फाटण्याशीं जोडला होता. म्हणजे खोटी समजूत सांगणाऱ्यांस सुधारावयास शंभर वर्षांहून अधिक अवधि मिळालेला आहे. ही इजा वजन उचलण्यानें फारशी होत नाहीं, तें सांवरीत खालीं ठेवतांना होते. पर्वती चढणारास धाप लागते ती चढतांना. दुसऱ्या दिवशीं मांड्या धरतात त्या मुख्यत्वें उतरल्यामुळें. मग दुरुस्ती सुरू होते. स्नायूंचें नवें प्रथिन घडविण्याचें काम श्रमानंतर २४ ते ४८ तास नेहमींपेक्षां अधिक वेगानें चालतें. स्नायूंत साठविलेली आणि श्रमांत खर्च झालेली साखर भरून यावयास पोटभर जेवूनहि जवळजवळ एक दिवस लागतो. या साऱ्या कामाचा खर्च शरीर कोठून तरी काढणारच, आणि तो तें कचेरींतल्या दुपारींतून काढतें. व्यायामशाळेंत शरीर बळावत नाहीं, तेथें तें खर्च होतें. बळावतें तें ताटावर आणि अंथरुणावर. आणि ही दुरुस्ती पुरी होऊं दिली तर दोन-तीन आठवड्यांच्या आंत तोच व्यायाम पुन्हां करतांना दुखणें पुष्कळच कमी होतें. ती पुरी होण्यापूर्वीं रोज उठून तोच घाव त्याच जागीं घालणारास मात्र आम्ही चिकाटीचा पुरुष म्हणणार नाहीं. भिंत वाळण्यापूर्वीं वर मजला चढविणाऱ्या कंत्राटदारास आम्ही चिकाटीचा म्हणत नाहीं, तसेंच.

प्राचीनांचें नांव काढलें कीं आमचे नवे मित्र हंसतात, आणि जुने मित्र इतके खुलतात कीं त्यांचेंच भय वाटावें. आम्ही वाग्भटाचें नांव घेतों तें तो प्राचीन म्हणून नव्हे, तर या बाबतींत त्यानें मोजूनमापून बोलण्याचा शहाणपणा दाखविला म्हणून. स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवान् माणसानेंहि व्यायाम करावयाचा तो अर्ध्या शक्तीनें, आणि तोहि थंडींत व वसंतांत. इतर ऋतूंत त्याहून कमी, असें अष्टांगहृदयांत सांगितलें आहे. ही अर्धी शक्ति कशी ओळखावी याची खूण सुश्रुतानें दिली : श्वास तोंडावाटे येऊं लागला कीं थांबावें. आतांचे शास्त्रज्ञ, बोलतां येईल इतकीच धाप लागूं द्यावी, असें जें नवशिक्यास सांगतात, तें याहून फारसें निराळें नाहीं. वाग्भटानें अतिव्यायामाच्या परिणामांत तहान, खोकला, ताप, वांति यांच्या जोडीला थकवा सांगितला आहे. आणि पुढें व्यायाम, जागरण, वाटचाल, हास्य, भाषण यांचा अतिरेक करणारा माणूस हत्तीला ओढूं पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, असा दृष्टांत दिला आहे. या यादींत व्यायाम आणि जागरण शेजारीं शेजारीं बसले आहेत हें वाचकांनीं पाहून ठेवावें. रात्रीं एक वाजेपर्यंत परदेशांतील ग्राहकाशीं बोलून पहाटे साडेपांचाला वजनें उचलावयास जाणाऱ्या गृहस्थानें तर तें भिंतीवर लिहून ठेवावें.

योगाचें नांव सांगून अंग पिळून काढणाऱ्या मंडळींस आम्ही हठप्रदीपिका उघडावयास सुचवूं. योगाचा घात करणाऱ्या ज्या सहा गोष्टी तेथें मोजल्या आहेत, त्यांत प्रयास, म्हणजे अतिश्रम, ही एक आहे. आणि नियमाग्रह, म्हणजे नियमाचाच हट्ट, ही दुसरी. त्याच ग्रंथांत शवासन हें थकवा हरण करणारें आणि चित्तास विश्रांति देणारें म्हटलें आहे. ज्या वर्गांत शेवटचें शवासन वेळ नाहीं म्हणून गाळतात, तेथें योग शिकवितात असें म्हणणें धाडसाचें आहे.

पण ग्रंथ राहूं द्या. विश्रांतवाडीच्या लोकांस पोथी उघडण्याचेंहि कारण नाहीं. वर्षांतून एकदां त्यांच्या दारावरून हा धडा चालत जातो. ज्येष्ठ वद्य अष्टमीस ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदींत प्रस्थान ठेवते, आणि दुसऱ्या दिवशीं दिघी-विश्रांतवाडीच्या याच रस्त्यानें पुण्यांत येते. आळंदीहून पंढरपूर सुमारें २५० किलोमीटर. आषाढी एकादशीपर्यंत तें अंतर काटावयाचें. आमच्या नव्या पंथाच्या हातीं ही वारी दिली असती तर त्यानें पहिल्या दिवशीं सर्वांत लांब मजल मारून दुसऱ्या दिवशीं त्याहून लांब मारण्याचा विक्रम जाहीर केला असता. वारी काय करते? पहिली लांब मजल मारून ती पुण्यांत येते आणि दोन रात्री राहते. मग दिवेघाट चढून सासवडला जाते, आणि तेथें पुन्हां दोन रात्री राहते. दोन मोठ्या चालींच्या पाठीशीं दोन मुक्काम. आणि पुढेंहि प्रत्येक दिवसाच्या वाटेवर ठरलेले विसावे, दुपारचें जेवण, झाडाखालीं घटकाभर आडवें होणें. हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरीं राहिलेले लष्करी बाण्याचे पुरुष. एकोणिसाव्या शतकांत या सोहळ्यास त्यांनीं जी शिस्त लाविली तींत चालण्याइतकेंच थांबण्यालाहि वेळापत्रक आहे. या मुक्कामांचा मूळ हेतु कांहीं का असेना, त्यांचा गुण पायांस कळतो. सत्तर वर्षांची म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन पंढरपूर गांठते. पुण्याच्या मुक्कामांत तिच्या पायांस कोणी तेल चोळून देतो, कोणी तुटलेली वहाण शिवून देतो, आणि त्या वेळीं तिला कोणी विचारीत नाहीं कीं, बाई, तुझी इच्छाशक्ति कमी पडली काय? अलीकडे संगणकाच्या कचेऱ्यांतील मंडळीहि आळंदी ते पुणें हा एकच टप्पा दिंडीनें चालूं लागली आहेत. त्यांचें कौतुकच आहे. पण दुसऱ्या दिवशीं वारकरी विसावा घेत असतात आणि हे गृहस्थ लंगडत लिफ्टकडे जात असतात, यांतला फरक बळाचा आहे तितकाच मुक्कामाचाहि आहे.

तालमीची गोष्टहि अशीच. पुण्याकोल्हापुरांतील जुन्या तालमींत कष्ट कमी होते असें कोणी म्हणणार नाहीं. पण वस्तादाला पोरगा ठाऊक असे. त्याचें घर, त्याचा खुराक, काल त्यानें काय खाल्लें, हें ठाऊक असे. नव्या पोराला पहिल्याच दिवशीं पट्टीच्या पहिलवानाइतक्या बैठका कोणी मारावयास लावीत नसे. मेहनतीनंतर मालिश, अंगाला हौद्यांतली माती, थंडाई किंवा दूध, मग दुपारची झोंप, हा सारा मेहनतीचाच भाग धरला जाई. आजच्या प्रशिक्षकांत जाणते, कळकळीचे लोक नाहींत असें नाहीं; पण एका तासांत पंधरा माणसें सांभाळणारास माणूस दिसत नाहीं, तक्ता दिसतो. तक्त्याला काल मूल तापानें फणफणलें होतें हें कसें कळावें? समर्थ रोज बाराशें नमस्कार घालीत अशी परंपरा आहे. ती सांगून जो पंचवीस नमस्कारांनीं दमलेल्या कारकुनास लाजवितो, त्यानें समर्थांच्या दिनचर्येंत कचेरी किती तास होती हेंहि सांगावें.

आंकड्यांचें हें वेड कोठून येतें याचा एक मासला सांगण्यासारखा आहे. दिवसाला दहा हजार पावलें चाललींच पाहिजेत, हा नियम विश्रांतवाडींत चहाच्या टपरीवरहि ऐकूं येतो, आणि तो वेदवाक्याच्या सुरांत सांगितला जातो. त्याचा उगम १९६५ सालच्या जपानांत आहे. यामासा नांवाच्या कंपनीनें पावलें मोजण्याचें एक यंत्र विक्रीस काढलें आणि त्याचें नांवच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचें मापक, असें ठेविलें. विक्रीसाठीं निवडलेला गोल आंकडा तो; पण आज मनगटावरचें घड्याळ रात्रीं साडेदहाला तो पुरा झाला नाहीं म्हणून कुरकुरतें, आणि एरव्हीं शहाणा असलेला गृहस्थ झोंपेचा वेळ मोडून खोलींतल्या खोलींत फेऱ्या घालूं लागतो.

आतां ज्या थकव्यावर हा नवा थकवा चढतो त्याविषयीं. बैठें काम म्हणजे विश्रांति नव्हे. आंजेलो मोस्सो या इटालियन शास्त्रज्ञानें तुरीन येथें बोटाच्या स्नायूची शक्ति मोजण्याचें यंत्र केलें आणि १८९१ सालीं थकव्यावर ग्रंथ लिहिला. त्याला असें आढळलें कीं, त्याचा एक सहकारी दिवसभर विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन आला म्हणजे त्याच्या बोटाची शक्ति सकाळच्या मानानें स्पष्टपणें घटलेली असे. बोटानें तर त्या दिवशीं कांहींच उचललें नव्हतें! डोक्याचा शीण हातापायांस भोगावा लागतो हें ज्याला पटेल, त्याला खराडीहून दीड तास गर्दींत अडकून आलेला माणूस संध्याकाळीं वजन कां उचलूं शकत नाहीं याचें नवल वाटणार नाहीं. २०२३ सालीं देशांतील एका विख्यात उद्योगपतींनीं तरुणांनीं आठवड्यास ७० तास काम करावें असें सुचविलें. २०२५ च्या आरंभीं दुसऱ्या एकांनीं तो आंकडा ९० वर नेला. अशा देशांत थकव्याला मनाचा खेळ म्हणणारें तत्त्वज्ञान कोणाच्या सोयीचें आहे, हें सांगावयास ज्योतिषी नको. कचेरीला थकलेला माणूस नको, व्यायामशाळेला थकलेला माणूस नको. थकवा दोघांनींहि निर्माण करावयाचा, आणि तो बाळगण्याचा अपराध मात्र त्या माणसाच्या नांवावर मांडावयाचा.

येथवर जें सांगितलें तें साध्या श्रमाविषयीं. पण सुश्रुतानें श्रमाहून निराळा एक शब्द वापरला आहे : क्लम. श्रम केल्याशिवाय येणारा, धाप नसतांना शरीरांत वाढणारा थकवा तो क्लम. हा भेद ज्यानें केला त्याला माणसें पाहण्याची दृष्टि होती. आणि हा भेद पुसून टाकणें हें नव्या पंथाचें सर्वांत मोठें पाप होय. थकवा हा सारा मनाचाच असें एकदां ठरविलें, कीं रोगाचा थकवाहि मनाचाच ठरतो. आणि याचा दंड कोण भरतें? मुख्यत्वें बायका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरींत देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के रक्तक्षयी, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेंत ॲनिमिक, आढळल्या. महाराष्ट्राचा आंकडा ५४ टक्के आहे. या बाईची पहाट डब्यांपासून सुरू होते. सर्वांचें झाल्यावर जें उरेल तें ती जेवते. आणि नवऱ्यानें किंवा मैत्रिणीनें आग्रह केला म्हणून ती व्यायामाच्या वर्गांत नांव घालते. प्राणवायु वाहून नेणारें द्रव्यच ज्या रक्तांत अपुरें आहे, तें रक्त घेऊन ती उड्या मारते, आणि तिसऱ्या आठवड्यांत तिला अंथरुणांतून उठवत नाहीं. घरांतले म्हणतात, हौस फिटली. वर्गांतले म्हणतात, सातत्य नाहीं. ती स्वतः म्हणते, माझ्यानें कांहीं होत नाहीं. आणि हें तिसरें वाक्य आम्हांस पहिल्या दोहोंपेक्षां अधिक झोंबतें. हिमोग्लोबिनची तपासणी कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेंत होते आणि तिला महिन्याच्या वर्गणीहून पुष्कळ कमी पैसे पडतात. थायरॉइड मंद असेल, नुकताच डेंगी होऊन गेला असेल, मधुमेह नकळत मुरत असेल, तरीहि अशीच ग्लानि येते. हलका व्यायाम, पुरेसें अन्न आणि सात-आठ तासांची झोंप असूनहि दोन आठवड्यांत जो थकवा उतरत नाहीं, ज्यांत जिना चढतांना छाती धडधडते किंवा धाप लागते, तो थकवा डॉक्टरकडे न्यावयाचा असतो, आरशापुढें उभें राहून त्याला दटावावयाचा नसतो. छातींत दुखत असेल तर दोन आठवडेहि थांबावयाचें नाहीं, तत्काळ निघावयाचें.

आणखी एक खूण सांगून ठेवणें आमचें कर्तव्य आहे. १९४१ सालीं, लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्यांखालीं चिरडलेल्या माणसांची मूत्रपिंडें कशीं बंद पडतात याचें वर्णन बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनीं प्रसिद्ध केलें. स्नायु मोठ्या प्रमाणावर तुटले म्हणजे त्यांतील द्रव्यें रक्तांत उतरून मूत्रपिंडांस अपाय करतात. तीच आपत्ति, बाँब न पडतां, अनभ्यस्त माणसानें एका दिवशीं शेंकडों बैठका मारल्या तरी ओढवूं शकते. अंग विलक्षण दुखूं लागलें, सुजलें, आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळसर झाली, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. पैजेनें बैठका मारविणाऱ्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें.

कोणी म्हणेल, तुमच्या या लेखानें आळशी लोकांचें फावेल. आधींच अर्धा देश बसून आहे. अर्धा देश बसून आहे हें खरें. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीप्रमाणें भारतांतील जवळजवळ निम्मे प्रौढ २०२२ मध्यें पुरेशी हालचाल करीत नव्हते. पण हे निम्मे लोक विश्रांतीचा उपदेश ऐकून बसले आहेत काय? आमच्या परिचयांत ज्यांनीं व्यायाम सोडला त्यांतील बहुतेकांनीं तो पहिल्या महिन्यांत, अंग मोडून आल्यावर, शरमून सोडला. आणि त्यानंतर ‘व्यायाम आम्हांस मानवत नाहीं’ हें वाक्य त्यांच्या तोंडीं कायमचें बसलें. या वाक्याचेंहि आम्ही समर्थन करीत नाहीं. तें वाक्य चुकीचें आहे. त्यांस व्यायाम मानवला नाहीं असें नव्हे, त्यांस तो घाईनें कोंबण्यांत आला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम सांगितले, ते सांगतांनाच थोड्यापासून आरंभ करून हळूहळू वाढवावें असेंहि सांगितलें आहे. पहिला आंकडा प्रत्येक जाहिरातींत छापला जातो. दुसऱ्या वाक्यास जागा उरत नाहीं.

खरा आळशी माणूस, वाचकहो, थकत नाहीं. त्याला थकवा येण्याइतकें तो कांहीं करीतच नाहीं. जो थकला त्यानें कांहींतरी केलें आहे. त्याला एक दिवस घरीं बसवा, भाजी-भाकरी आणि वरण पोटभर वाढा, नऊ वाजतां दिवा मालवूं द्या, परवां अर्ध्या मापानें पुन्हां बोलवा. विश्रांतवाडीच्या रस्त्यानें वरखालीं फिरतांना तीन महिन्यांत काया पालटून देण्याचीं आश्वासनें आम्हीं पुष्कळ वाचलीं आहेत, आणि त्यांखालीं सवलतीच्या मुदती वाचल्या आहेत. पहिल्या पंधरवड्यांत एक दिवसाआड या, आणि फार थकवा वाटला तर वर्गणी न बुडतां चार दिवस घरीं रहा, अशी पाटी मात्र आम्हांस अजून एकाहि दारावर दिसलेली नाहीं.